वायुदाब, दुष्काळ आणि पावसाचा अंदाज : भारतीय हवामानशास्त्राच्या जडणघडणीचा ऐतिहासिक अभ्यास (१८६४–१९२४)

प्रस्तावना

इतिहासाच्या तासाला १८७६–७८ चा दुष्काळ शिकविताना जमीनमहसूल, सावकारी, धान्याची निर्यात आणि सरकारची अनास्था ही कारणे सांगितली जातात. शेजारच्या वर्गात भूगोलाच्या तासाला वायुदाबाचे पट्टे, व्यापारी वारे आणि मोसमी वारे शिकविले जातात. दोन्ही तासांना बसणारा विद्यार्थी एकच असतो; परंतु पहिल्या वर्गातील दुष्काळ आणि दुसऱ्या वर्गातील वायुदाब यांचा परस्परांशी काही संबंध आहे, हे त्याला सहसा सांगितले जात नाही. वस्तुतः भारतातील हवामानशास्त्र हे दुष्काळ आणि चक्रीवादळ यांच्या आघातांतून उभे राहिलेले शास्त्र आहे. वायुदाबाच्या जागतिक हिंदोळ्याचा शोध हे या शास्त्राचे मोठे यश होय. मात्र ज्या शेतकऱ्याच्या नावाने हा शोध सुरू झाला, त्याच्यापर्यंत पावसाचा अंदाज पोहोचण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. ही विसंगती प्रस्तुत शोधनिबंधाचा मुख्य विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. वायुदाब, वारे आणि मोसमी पाऊस यांच्या परस्परसंबंधाचे ज्ञान कसे विकसित होत गेले, याचा आढावा घेणे.
२. १८६४ ते १९२४ या काळातील आपत्ती आणि हवामान खात्याची वाटचाल यांतील संबंध तपासणे.
३. पावसाचा अंदाज कोणासाठी केला जात होता आणि त्याचा लाभ कोणाला मिळाला, याचा विचार करणे.

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

वायुदाब व वारे : मूलभूत संकल्पना

हवेला वजन असते. समुद्रसपाटीवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हवेचा भार सुमारे एक किलोग्रॅम वजनाइतका असतो. इटलीतील टॉरिचेली याने १६४३–४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीच्या साहाय्याने हे दाखवून दिले. हवेचा भार पाऱ्याचा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो. १६४८ मध्ये पास्कालच्या सूचनेवरून फ्रान्समधील एका डोंगरावर वायुदाबमापक नेण्यात आला, तेव्हा उंचीबरोबर दाब कमी होतो हेही सिद्ध झाले. समुद्रसपाटीवरील प्रमाण वायुदाब १०१३.२५ मिलिबार मानला जातो. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवरील गावी तो सुमारे ९५० मिलिबार भरतो. त्यामुळे पुणे व मुंबई येथील आकड्यांची तुलना करावयाची तर ते प्रथम समुद्रसपाटीच्या पातळीवर आणावे लागतात. ही बाब किरकोळ वाटली, तरी पुढील इतिहासात तिला महत्त्व आहे.

वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो, परंतु सरळ वाहत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे तो उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतो. उन्हाळ्यात वायव्य भारतावरील जमीन तापते व तेथील दाब १००० मिलिबारच्या खाली उतरतो. त्याच वेळी दक्षिण हिंदी महासागरात मस्करीन बेटांच्या परिसरात जास्त दाबाचे क्षेत्र असते. तेथून निघणारे आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडताच उजवीकडे वळतात व नैर्ऋत्य मोसमी वारे म्हणून आपल्या किनाऱ्यावर येऊन धडकतात. इंग्लंडमधील एडमंड हॅले याने १६८६ मध्ये व्यापारी व मोसमी वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध करून त्यांचे कारण सूर्याच्या उष्णतेत शोधले. जॉर्ज हॅडली याने १७३५ मध्ये त्याला पृथ्वीच्या परिवलनाची जोड दिली. केवळ जमीन व समुद्र यांच्या तापण्यातील फरकाने मोसमी पावसाचा पूर्ण उलगडा होत नाही, हे आज मान्य झाले आहे. विषुववृत्तीय कमी दाबाचा पट्टा ऋतुमानानुसार उत्तरेकडे सरकतो, हेही त्याचे महत्त्वाचे अंग आहे. तथापि हॅले व हॅडली यांनी घातलेला पाया पुढील दोन शतकांना पुरला.

वाऱ्याची पूर्वापार ओळख

मोसमी वाऱ्याची ओळख भारतीयांना युरोपीय शास्त्रज्ञांनी करून दिली, असे मुळीच नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवृत्तात सोपारा, कल्याण व भडोच या बंदरांचे उल्लेख येतात. या बंदरांतील व्यापार मोसमी वाऱ्यांच्या वेळापत्रकावर चालत असे. ‘मोसम’ हा शब्दही अरबीतून आपल्याकडे आला. जमिनीवरची परंपरा निराळी होती. कौटिलीय अर्थशास्त्रात कोठारात पर्जन्यमापनासाठी कुंड ठेवण्याची सूचना असून निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमान द्रोण या मापात दिले आहे. त्यात अश्मक देशाचा पाऊस साडेतेरा द्रोण, तर अपरांताचा म्हणजे कोकणाचा पाऊस अमित म्हटला आहे. पाऊस मोजण्याचे काम महसुलाशी व कोठाराशी जोडलेले होते, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेनंतर १९५ दिवसांनी पाऊस पडतो, असे गणित मांडले आहे. पुढे लोकपरंपरेत सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेल्या ठोकताळ्यांनी शेतकऱ्याला आधार दिला. या सर्व परंपरांत वाऱ्याची दिशा, ढग व नक्षत्र यांचे निरीक्षण होते; हवेच्या भाराचे मापन नव्हते. वायुदाबमापक हे नवे साधन होते आणि ते कंपनी सरकारच्या जहाजांबरोबर आपल्याकडे आले.

वेधशाळेपासून खात्यापर्यंत

मुंबईतील कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने स्थापन केली. तिचा मूळ हेतू जहाजांच्या उपयोगाचे ज्योतिषविषयक वेध घेणे हा होता. १८४१ पासून तेथे चुंबकीय व हवामानविषयक नोंदी नियमितपणे होऊ लागल्या. याच सुमारास केरो लक्ष्मण छत्रे हे तरुण गणिती या वेधशाळेत काम करीत होते. पुढे पुण्यात गणिताचे प्राध्यापक म्हणून कीर्ती मिळविलेल्या केरूनानांच्या उमेदवारीची काही वर्षे अशा नोंदींच्या सान्निध्यात गेली. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन याने बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास केला व १८४८ मध्ये ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ केला. म्हणजेच या टप्प्यापर्यंत हवामानाच्या अभ्यासाचे मुख्य गिऱ्हाईक जहाजाचा कप्तान हे होते.

ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्यावर आलेल्या चक्रीवादळाने व त्याबरोबर हुगळीत चढलेल्या पाण्याने हजारो माणसे दगावली, बंदरातील जहाजांची वाताहत झाली. त्यापाठोपाठ १८६६ मध्ये ओरिसात दुष्काळ पडून सुमारे दहा लाख लोक मृत्युमुखी पडले. वादळामुळे व्यापार हादरला होता, तर दुष्काळामुळे सरकारची लाज गेली होती. प्रथम प्रांतवार हवामान निरीक्षक नेमले गेले. परंतु त्यांची उपकरणे निरनिराळी, निरीक्षणाच्या वेळा निरनिराळ्या आणि आकडे समुद्रसपाटीवर आणण्याच्या रीतीही निरनिराळ्या होत्या. एका प्रांतातील वायुदाब दुसऱ्या प्रांतातील वायुदाबाशी ताडून पाहता येत नव्हता. या अडचणीतून १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली व हेन्री ब्लॅनफर्ड याच्याकडे त्याची सूत्रे आली. ब्लॅनफर्ड हा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ होता आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापकही होता. त्याचे पहिले काम पावसाचे भाकीत करण्याचे नसून देशभरच्या वायुदाबमापकांना एका मापावर आणण्याचे होते.

१८७६–७८ : उच्च दाब आणि रिकामी कोठारे

खाते स्थापन होऊन वर्ष होते न होते तोच दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. १८७७ मध्ये दुष्काळाची व्याप्ती उत्तरेपर्यंत पोहोचली. ब्रिटिश मुलखातील या दुष्काळाच्या बळींची संख्या ५० लाखांहून अधिक होती, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या काळात ब्लॅनफर्डच्या नोंदींत एक विलक्षण गोष्ट आढळली. वायुदाब केवळ दख्खनवरच नव्हे, तर आशियाच्या फार मोठ्या भागावर आणि ऑस्ट्रेलियापर्यंत दीर्घकाळ सरासरीपेक्षा जास्त राहिला होता. १८८० मध्ये त्याने रशिया व भारत यांच्यातील वायुदाबाच्या हिंदोळ्यासंबंधी लेख प्रसिद्ध केला. एका टोकाला दाब चढला की दुसऱ्या टोकाला उतरतो, ही कल्पना येथे प्रथमच भारतीय हवामानाच्या संदर्भात मांडली गेली. अहमदनगर व सोलापूर जिल्ह्यांतील शेतावर पडलेले संकट हे पृथ्वीच्या अर्ध्या भागावरील हवेच्या हालचालीचा अंश होते, ही जाणीव निःसंशय मोठी होती.

परंतु याच जाणिवेला दुसरी बाजू आहे. दुष्काळ जर वायुदाबाने पडत असेल, तर त्याची जबाबदारी कोणावर? १८७७ मध्ये लॉकियर व हंटर यांनी सूर्यावरील डाग व दुष्काळ यांचा संबंध जोडणारा लेख प्रसिद्ध केला. अशा मांडणीतून दुष्काळ हा निसर्गक्रमाचा भाग ठरतो व राज्यकर्त्यांचे धोरण नजरेआड होते. प्रत्यक्षात लॉर्ड लिटनच्या सरकारने खुल्या व्यापाराच्या तत्त्वाला चिकटून धान्याची निर्यात चालू ठेवली होती. रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरील मजुराचे वेतन दिवसाला एक पौंड धान्य व वर काही पैसे इतके खाली आणले. मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्यास विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पुढे दादाभाई नौरोजी व रमेशचंद्र दत्त यांनी याच दिशेने युक्तिवाद केला. पाऊस कमी पडला हे खरे, परंतु एका वर्षाच्या अवर्षणात शेतकरी मरतो, कारण त्याच्या घरात मागील वर्षाचे काही शिल्लक उरू दिलेले नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

येथे एक पथ्य पाळणे आवश्यक वाटते. ब्लॅनफर्डचे आकडे खोटे नव्हते आणि दादाभाईंचा युक्तिवादही खोटा नव्हता. वायुदाबाने पाऊस का पडला नाही हे सांगता येते. माणसे का मेली हे केवळ त्यावरून सांगता येत नाही. अवर्षण व दुष्काळ हे दोन शब्द आपण सहजपणे एकाच अर्थाने वापरतो. इतिहासलेखनात त्यांतील अंतर काटेकोरपणे राखले पाहिजे.

पहिला अंदाज आणि १८९९ चे अपयश

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाली. तालुक्याच्या कचेरीतील पर्जन्यमापकाच्या आकड्याला प्रशासकीय वजन आले. सरकारला पाऊस पडून गेल्यावरची नोंद पुरेशी नव्हती. येणाऱ्या पावसाची पूर्वसूचना हवी होती. हिमालयावर हिवाळ्यात व वसंतात बर्फ जास्त साचल्यास त्या वर्षी वायव्य भारतात पाऊस कमी पडतो, असे ब्लॅनफर्डच्या निदर्शनास आले होते. या सूत्रावर त्याने १८८२ ते १८८५ या काळात प्रायोगिक अंदाज केले. ते समाधानकारक वाटल्याने १८८६ पासून अधिकृत दीर्घ मुदतीचा अंदाज दरवर्षी निघू लागला.

ब्लॅनफर्डनंतर १८८९ मध्ये जॉन इलियट याने सूत्रे हाती घेतली. त्याने बर्फाबरोबर हिंदी महासागर व ऑस्ट्रेलियातील स्थितीचाही विचार सुरू केला. परंतु १८९९ मध्ये त्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला असताना प्रत्यक्षात पाऊस सरासरीपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने घटला. संवत १९५६ मध्ये पडलेला हा दुष्काळ गुजरात व राजस्थानात आजही ‘छप्पनिया’ म्हणून स्मरणात आहे. अंदाज चुकल्याने वृत्तपत्रांतून कडक टीका झाली. त्यानंतर काही वर्षे अंदाज जाहीर न करता केवळ सरकारी उपयोगासाठी गोपनीय ठेवण्यात आला. चूक झाल्यावर पद्धत सुधारण्याआधी अंदाजच लोकांच्या दृष्टीआड करणे, ही कृती त्या काळच्या राज्यव्यवस्थेचा स्वभाव दाखविते. अंदाज हा रयतेचा हक्क नसून सरकारचे साधन आहे, ही समजूत त्यामागे होती.

गिल्बर्ट वॉकर आणि वायुदाबाचा हिंदोळा

१९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर महासंचालक झाला. तो केंब्रिजचा गणिती होता. हवामानशास्त्राचे शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. मद्रासमधील एका तरुण कारकुनाची गणिते पाहून त्याला विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून १९१३ मध्ये शिफारस करणारा वॉकर तो हाच. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन होत. पावसाचे कारण काय, या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळत नाही हे ओळखून वॉकरने निराळा मार्ग धरला. जगभरच्या ठिकाणांचे वायुदाब, तापमान व पाऊस यांचे अनेक वर्षांचे आकडे गोळा करावयाचे आणि त्यांचा भारतातील पावसाशी असलेला सहसंबंध गणिताने काढावयाचा, हा तो मार्ग होय. ही आकडेमोड यंत्राविना, भारतीय कर्मचाऱ्यांच्या हातांनी होत असे. जगभरच्या हवामानाचा एक मोठा शोध या अनाम कारकुनांच्या वह्यांतून निघाला, याची नोंद इतिहासाने घ्यावयास हवी.

१९०९ च्या सुमारास वॉकरने हिमालयातील बर्फ, मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेचा वायुदाब व झांजीबारचा पाऊस या चार घटकांवर आधारित समीकरण वापरात आणले. वायुदाबाच्या हिंदोळ्याची चाहूल त्यापूर्वी इतरांनाही लागली होती. स्वीडनच्या हिल्डेब्रँडसनने १८९७ मध्ये सिडनी व ब्युनॉस आयर्स येथील दाब परस्परविरुद्ध चालतात, हे दाखविले होते. वॉकरने ही विखुरलेली निरीक्षणे एका चौकटीत बसविली. प्रशांत महासागरावर दाब चढला की आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या हिंदी महासागर क्षेत्रावर तो उतरतो आणि याउलटही घडते, असा त्याच्या निष्कर्षाचा आशय होता. १९२४ मध्ये त्याने यास ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. हिंदी महासागराकडील टोक जड झाले म्हणजे भारताच्या वाट्याला बहुधा अवर्षण येते. ब्लॅनफर्डने १८७७ मध्ये पाहिलेला दीर्घकाळचा उच्च दाब हा याच हिंदोळ्याचा झोका होता.

वॉकरच्या कार्यातील सावधगिरीही तितकीच मोलाची आहे. शेकडो आकड्यांशी ताडून पाहिले तर एखादा सहसंबंध केवळ योगायोगानेही मोठा दिसतो, असा इशारा त्याने १९१४ मध्येच देऊन त्यासाठी गणिती कसोटी सुचविली होती. त्याच्यानंतर महासंचालक झालेल्या चार्ल्स नॉर्मंडने १९५३ मध्ये या साऱ्या प्रयत्नाचा परखड हिशेब मांडला. त्याच्या मते मोसमी पावसावरून जगाच्या पुढील हवामानाविषयी जितके सांगता येते, तितके जगाच्या आधीच्या हवामानावरून मोसमी पावसाविषयी सांगता येत नाही. अंदाज बांधण्यासाठी निघालेल्या शास्त्राला जे सापडले, ते अंदाजाहून मोठे आणि अंदाजाला पुरते उपयोगी न पडणारे होते.

उत्तरकाळ

१९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकरांच्या बोलण्यात शिवाजीनगरची ती वास्तू ‘सिमला ऑफिस’च राहिली. १९३२ मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचे काम सुरू झाले. आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवृत्त १९४५ पासून प्रसारित होऊ लागले. पहिला अधिकृत अंदाज १८८६ चा आणि खास शेतकऱ्यासाठीचे वृत्त १९४५ चे. मधली ५९ वर्षे या विषयाच्या सामाजिक इतिहासात फार बोलकी आहेत.

१९६९ मध्ये बियर्कनेस याने वॉकरच्या आंदोलनाचा प्रशांत महासागरातील एल निनोशी असलेला संबंध स्पष्ट केला. तरीही अनिश्चितता संपली नाही. १९९७ मध्ये तीव्र एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतका झाला. १९८८ पासून वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रारूप वापरात होते; २००२ मध्ये सरासरीइतक्या पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात १९ टक्के तूट आली. मात्र १८९९ प्रमाणे अंदाज गोपनीय करण्यात आला नाही. पुढच्याच वर्षी नवे प्रारूप स्वीकारण्यात आले आणि चुकीची चर्चा उघडपणे झाली. तसेच २००२ च्या अवर्षणाने शेतीचे मोठे नुकसान झाले, तरी १८७७ सारखा संहार झाला नाही. हा फरक वायुदाबातील नसून धान्यसाठे, रोजगाराची कामे, वाहतूक आणि लोकमताला उत्तर देणारे शासन यांतील आहे.

निष्कर्ष

१. भारतातील हवामानशास्त्र प्रथम बंदराच्या गरजेतून आणि नंतर दुष्काळाच्या आघातातून वाढले. १८६४, १८६६, १८७६–७८ व १८९९ या वर्षांतील आपत्ती हे त्याच्या वाटचालीतील खरे टप्पे होत.
२. वायुदाबाच्या जागतिक हिंदोळ्याचा शोध भारतीय पावसाच्या प्रश्नातून व भारतीय कर्मचाऱ्यांच्या आकडेमोडीतून पुढे आला. त्यामुळे जगाच्या हवामानशास्त्रात भारताचे स्थान केवळ निरीक्षणाच्या क्षेत्राचे नाही.
३. अवर्षणाचे कारण वायुदाबात सापडते. दुष्काळाचे कारण त्याखेरीज महसूल, बाजार व शासन यांतही शोधावे लागते. एकाने दुसऱ्याची जागा घेतल्यास इतिहासही बिघडतो व शास्त्रही.
४. अंदाजाची अचूकता ही त्याची एकमेव कसोटी नव्हे. तो वेळेवर व समजेल अशा भाषेत शेतकऱ्यापर्यंत पोहोचला का, आणि चुकल्यास त्याचा जाब देण्याची तयारी होती का, या कसोट्याही तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

अध्यापनाच्या दृष्टीने शेवटी एक सूचना करावीशी वाटते. १८७७ चा दुष्काळ एकदा तरी इतिहास व भूगोल या दोन्ही विषयांच्या प्राध्यापकांनी एकाच वर्गात, एकाच तासाला शिकवावा. फळ्याच्या एका बाजूस समभार रेषा आणि दुसऱ्या बाजूस धान्याचे भाव मांडले, तर विद्यार्थ्याला दोहोंमधील नाते आणि दोहोंमधील अंतर ही दोन्ही स्पष्ट दिसतील.